टेपाचं खोटं टोक

कुणी मोजायचा टेप उघडला की अजूनही माझी नजर आकड्याकडे जात नाही, टेप धरणाऱ्याच्या अंगठ्याकडे जाते. घरी सुतार आला होता, त्याच्याही अंगठ्याकडे मी इतकी टक लावून पाहत राहिले की तो बिचारा गडबडला. म्हणाला, "काय चुकलं का ताई?" मी म्हटलं, काही नाही, तुमचं चालू द्या. आता त्याला कुलथे साहेब कोण होते, हे कुठून सांगत बसू?

भोसरीच्या ज्या कंपनीत मी टायपिस्ट म्हणून लागले, तिथे कुलथे साहेब इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटचे प्रमुख होते. प्रमुख म्हणजे फार मोठा पसारा होता असं नाही. दोन टेक्निशियन, एक लांबलचक टेबल आणि अख्ख्या कंपनीशी भांडण, एवढं त्यांचं डिपार्टमेंट. कंपनीत जेवढे म्हणून काटे हलत होते, वाफेच्या दाबाचे, भट्टीच्या तापमानाचे, पाण्याच्या मीटरचे, ते सगळे त्यांच्या ताब्यात. काटा खरं बोलतोय की नाही हे बघणं हे त्यांचं काम आणि तोच त्यांचा स्वभावही झाला होता.

माणूस उंच आणि किडकिडीत, नाकावर चष्मा, शर्ट कायम पांढरा. त्या शर्टाच्या खिशात पोलादी टेप. टेपाच्या वजनाने खिसा सदा खाली लोंबलेला असायचा. कुलथेवहिनी खिशाला आतून जाड कापड लावून द्यायच्या, तरी तो महिन्या-दोन महिन्यांत फाटायचाच. साहेबांचे वडील जुन्नरला सोनारकाम करत. "आमच्याकडे नजरेने मोजणाऱ्याला जेवायला वाढत नसत," असं साहेब सांगायचे. हसत नव्हते सांगताना, त्यामुळे खरं असावं.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध खोड म्हणजे ते टेप कधी शून्यापासून लावत नसत. दहा सेंटिमीटरच्या खुणेवर अंगठा ठेवायचे, तिथून मोजायचे आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे. कुणी विचारलं की सांगायचे, "टेपाचं टोक खोटं असतं. आपटतं, वाकतं, झिजतं. शून्यावर सगळ्यात जास्त हात लागलेले असतात, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही." मोजून झालं की स्वतःशीच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "वजा दहा." तेच त्यांचं नाव पडलं. "वजा दहा आले रे," अशी कुजबुज झाली की लोक बिड्या विझवायचे. पाठीमागे मीसुद्धा तेच म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मी लागले त्या आठवड्यातली गोष्ट. साहेब माझ्या टेबलापाशी आले, नमस्कार नाही, चमत्कार नाही, टेप काढला आणि जमिनीपासून टाइपरायटरपर्यंत अंतर मोजलं. मग माझ्या खुर्चीचं. मग म्हणाले, "कांबळेबाई, उठा जरा." मला वाटलं, आता माझीही उंची मोजतात की काय! दुसऱ्या दिवशी टेबलाच्या चारही पायांखाली सारखे कापलेले लाकडी ठोकळे होते. लागल्यापासून खांदे दुखत होते ते थांबले. आभार मानायला गेले तर म्हणाले, "आभार कसले? टेबल चुकलेलं होतं." आणि पाठ फिरवली. आता सांगा, अशा माणसाशी गोड तरी कसं बोलायचं?

कागदावर त्यांचा टेपाच्या टोकापेक्षाही कमी विश्वास. एकदा नव्या शेडसाठी पाइप आले. चलनावर लिहिलेली जाडी एक आणि साहेबांनी मोजली ती दुसरी, चांगलीच कमी. कंत्राटदाराचा माणूस हसत हसत पेढ्यांचा पुडा घेऊन आला. साहेबांनी पुडा तसाच त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "पेढे घरी न्या, पाइपही घरी न्या." पाइप खरोखर परत गेले. तेव्हापासून त्यांनी एक वाक्य धरून ठेवलं, "कागदाला विचारू नका, टेपाला विचारा." कंपनीत ते वाक्य चेष्टेने सगळ्यांच्या तोंडी झालं, पण चेष्टेत मानही होता. कुलथ्यांनी मोजलं म्हणजे झालं, असं मॅनेजरसाहेबसुद्धा म्हणत. पुढे जे झालं ते या मानामुळेच झालं, असं मला वाटतं.

आमच्या कंपनीचं पाणी नदीकाठच्या आमच्याच पंपहाउसमधून यायचं. तिथून एक मोठी लाइन निघायची आणि कंपनीच्या आवारातल्या उंच टाकीला मिळायची. वाटेत एक मोठा व्हॉल्व्ह होता आणि व्हॉल्व्हशेजारी पत्र्याची खोली. त्या खोलीत किसन वाघमारे राहायचा, बायको आणि दोन लेकरांना घेऊन. सकाळ-संध्याकाळ व्हॉल्व्ह उघडायचा, बंद करायचा, हे त्याचं काम. दुष्काळात उस्मानाबादकडून आला आणि इथलाच झाला. खोलीच्या पलीकडे कंपनीच्याच रिकाम्या जागेवर मजुरांची वस्ती उठली होती. त्यांच्यासाठी कंपनीने या लाइनवरूनच एक नळ दिलेला. वस्तीवरच्या बाया किसनला भाऊ म्हणायच्या.

किसन मला चांगला माहीत होता, कारण साहेबांना बाहेर काही मोजायचं असलं की टेपाचं दुसरं टोक धरायला ते त्यालाच बोलवायचे. "हा माणूस हलत नाही," एवढीच त्यांची तारीफ. किसनही त्यांचा शब्द झेलायचा. साहेब त्याच्यावर खेकसायचे आणि तो मान हलवत "व्हय साहेब, व्हय साहेब" करत राहायचा. मला ते आवडत नव्हतं. एकदा मी त्याला म्हटलंही, इतकं का ऐकून घेता? तर म्हणाला, "ताई, साहेब खोटं बोलत न्हाईत. तोंड वाईट हाय, पर मोजमाप चोख."

एका उन्हाळ्यात कंपनीत पाणी कमी पडायला लागलं. भट्टीवर थंड करायला पाणी नाही म्हणून एक शिफ्ट बंद ठेवावी लागली. पंपहाउसमधून पुरेसं पाणी सुटतं तर टाकीपर्यंत जातं कुठे, असा मॅनेजरसाहेबांचा प्रश्न होता. टाकीपाशी मीटर नव्हता. तो बसवायचा तर लाइन कापावी लागली असती. तेव्हा मुंबईच्या एका एजंटामार्फत परदेशी मशीन आलं. पाइप न कापता, नुसतं बाहेरून लावून आतलं पाणी मोजणारं. आमच्या सगळ्या पट्ट्यात तसं मशीन कुणी पाहिलेलं नव्हतं. साहेब चार दिवस त्याचं पुस्तक वाचत बसले होते, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.

मला त्यांनी ते समजावून सांगितलं होतं, कारण मला पुढे रिपोर्ट टाइप करायचा होता आणि न समजता टाइप केलेलं त्यांना चालत नसे. म्हणाले, "पाइपावर दोन कान बांधायचे. एक बोलतो, दुसरा ऐकतो. मग दुसरा बोलतो, पहिला ऐकतो. आवाज पाण्यातून जातो. धारेबरोबर गेला तर लवकर पोहोचतो, धारेविरुद्ध गेला तर उशिरा. त्या फरकावरून पाण्याचा वेग कळतो."

"मग सोपं आहे," मी म्हणाले.

"अवघड एकच. दोन कानांमधलं अंतर. ते पाइपाच्या घेरावर अवलंबून. घेर चुकला की अंतर चुकलं, अंतर चुकलं की कान एकीकडे आणि आवाज भलतीकडे. मशीन मग काहीही आकडा दाखवतं. आणि दिसतो मात्र खऱ्यासारखा."

मोजणीच्या दिवशी अर्धी कंपनी जत्रेला निघाल्यासारखी निघाली. मॅनेजरसाहेब, एजंटाचा टायवाला माणूस, स्टोअरवाले आणि मशीनबरोबर आलेली कागदपत्रं सांभाळायला मी. आणि कुलथे साहेब चक्क नव्या सफारीत! बदामी रंगाचा, कडक इस्त्रीचा. वहिनींनी हट्टाने शिवायला लावला असणार. खिशात टेप होताच, त्यामुळे सफारी पहिल्याच दिवशी एका बाजूला ओढला गेला होता. मशीनपुढे नारळ फुटला. फोरमनने मशीनला कुंकू लावायला बोट पुढे केलं तसे साहेब ओरडले, "कानाला लावू नका! खोक्याला लावा!" सगळे हसले. साहेबही हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून ते लक्षात आहे.

आधी पंपहाउसवर मोजायचं, मग टाकीपाशी. दोन्हीकडे सारखं पाणी आलं तर वाटेत गळती नाही. कमी आलं तर वाटेत कुणीतरी पाणी घेतंय. पंपहाउसला पाइप कमरेएवढ्या उंचीवर भिंतीला लागून होता. दर दसऱ्याला पूजेआधी पंपांबरोबर पाइपालाही ऑइलपेंट फासायची आमच्याकडे पद्धत, त्यामुळे त्यावर रंगाचे थरच्या थर. साहेबांनी ते आधी खरवडून काढायला लावले, लोखंड उघडं होईपर्यंत. इतकी त्यांची काळजी. मग किसनने पाइपाला टेपाचा वेढा घातला. साहेब मशीनच्या बटणांशी गुंतले होते.

"दहावर धर. किती?"

"शहाण्णव, साहेब."

साहेबांनी बटण दाबता दाबता मान वर केली. एरवी दहा साहेबच काढायचे, पण आजूबाजूला पाहुणे, मशीन चालू होईना, डोकं तापलेलं. "शहाण्णव काय? दहा काढलेस का? इतकी वर्षं टेप धरतोयस, दहा काढायचे एवढं कळत नाही?"

किसन ओशाळला. "शहाऐंशी, साहेब," तो म्हणाला. एजंटाचा माणूस गालात हसला. शहाऐंशी धरून साहेबांनी हिशेब केला, अंतर काढलं, कान बांधले आणि मशीनवर आकडा असा ठाम येऊन थांबला की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी टाकीपाशी गेलो. तिथे पाइप खड्ड्यात होता. खड्ड्यात चिखल आणि घोटाभर पाणी. एरवी साहेब सगळ्यांच्या आधी खाली उतरले असते. मी त्यांना गुडघ्यापर्यंत चिखलात उभं राहून मोजताना पाहिलेलं आहे. त्या दिवशी ते काठावर थांबले. सफारीची विजार दोन बोटं वर उचलून बघितली आणि सोडून दिली. किसन उतरला. त्यानेच पाइप खरवडला, त्यानेच टेप वेढला. वर टाकीत पाणी पडत होतं, त्याचा मोठा आवाज.

"किती?" साहेबांनी वरून विचारलं.

"शहाऐंशी!" खालून किसन.

साहेब नेहमीसारखे पुटपुटले, "वजा दहा. शहात्तर." मग थांबले. मॅनेजरसाहेबांकडे वळून म्हणाले, "बघा, सकाळी शहाऐंशी होता, इथे शहात्तर. कागदावर अख्खी लाइन एकाच मापाची आहे. कंत्राटदाराने पुढचा पाइप बारीक टाकलाय. म्हणून मी म्हणतो, टेपाला विचारा." त्यांच्या चेहऱ्यावर पेढ्यांचा पुडा परत करतानाचा आनंद होता.

त्या घेरावर त्यांनी अंतर काढलं. खाली किसनने कान बांधले. या वेळी मशीनचा काटा थरथरत होता, एका जागी ठरत नव्हता. साहेब म्हणाले, पाइप आतून गंजला असेल, त्याने आवाज नीट जात नाही. बऱ्याच वेळाने एक आकडा आला. पंपहाउसपेक्षा जवळजवळ चौथा हिस्सा कमी.

चौथा हिस्सा पाणी वाटेत जातं, आणि वाटेत कोण होतं? एक व्हॉल्व्ह, एक वस्ती आणि एक किसन वाघमारे.

रिपोर्ट मी टाइप केला. साहेबांनी त्यात कुणावर आरोप केला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी फक्त आकडे लिहिले होते. आरोप करायला मॅनेजरसाहेब होतेच. वस्तीची जागा कंपनीला गोडाउनसाठी केव्हाची हवी होती. आठवड्याच्या आत वस्तीचा नळ काढून तोंडाला लोखंडी झाकण ठोकलं. किसन टँकरवाल्यांना पाणी विकतो, असा ठपका ठेवून त्याला सस्पेंड केलं. पत्र्याची खोली रिकामी करायला सांगितलं. लाइन खणून कुणी बघितलीच नाही. कुलथ्यांनी मोजलं होतं ना!

किसनने साहेबांना एकदा गेटवर गाठलं. मी मागेच होते. तो म्हणाला, "साहेब, लेकरांच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो, म्या घागरभर पाणी इकलं न्हाई."

साहेब म्हणाले, "मला माणसाचं काही कळत नाही, किसन. आकडा आला तो मी लिहिला."

मला त्यांचा असा संताप आला त्या दिवशी! दापोडीच्या बसमध्ये मी सगळ्या वाटेभर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. ज्या माणसाने इतकी वर्षं तुमच्या टेपाचं टोक धरलं, त्याच्याबद्दल तुम्हाला काहीच कळत नाही? पण साहेबही बरे नव्हते. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचे. लोकांच्या चुका काढणं बंद झालं होतं, आणि आमच्याकडे ते बंद होणं म्हणजे आजारपणच.

किसनची चौकशी सुरू व्हायची होती, तो दिवस. त्याला सकाळी बोलावलं होतं आणि मॅनेजरसाहेबांना वेळ नव्हता म्हणून तो आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होता. आत कुलथे साहेब त्या परदेशी मशीनसाठी भिंतीतल्या कोनाड्यात कपाट करायचं म्हणून माप घेत होते. कोनाडा रुंद, साहेब एकटे. एका बाजूला टेप धरला की दुसऱ्या बाजूला हात पुरेना. दोनदा टेप सुटून खणकन वळला. मी उठणार, तेवढ्यात किसन बाहेरून आत आला. कुणी बोलावलं नव्हतं. आला आणि टेपाचं टोक धरून नेहमीसारखा भिंतीला चिकटून उभा राहिला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण टेपही काढून घेतला नाही. टेपाची डबी भिंतीला टेकवून ते दुसरीकडे बघत उभे राहिले.

मग म्हणाले, "किती?"

किसनने टोक मशीनच्या खोक्याखाली दाबलं आणि डबीपाशी येऊन आकडा बघितला. "दोनशेवीस."

"वजा दहा, दोनशेदहा," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बाई, लिहा."

"न्हाई साहेब," किसन म्हणाला. "दहा काढूनच दोनशेवीस."

"काढूनच म्हणजे?"

"म्या काढून सांगितलं. त्या दिशी पंपावर तुमी रागावला न्हवं का, दहा काढायचं कळत न्हाई का म्हणून? चार माणसांत. तवापासून म्या काढूनच सांगतो. खड्ड्यात बी काढूनच सांगितलं."

तो हे अगदी साधेपणाने बोलला. त्याला त्यातलं काही कळलं नव्हतं. मलाही लगेच कळलं नाही. साहेबांना कळलं. त्यांच्या हातातून टेप सुटला आणि या वेळी त्यांनी तो उचलला नाही. मग मला म्हणाले, "बाई, शहाऐंशीतून दहा मी परत काढले." आणि पुढे, "मशीन सांगत होतं मला. काटा ठरत नव्हता. मी गंज म्हणालो."

शहाऐंशीच होता तो पाइप. इथूनतिथून एकाच मापाचा, कागदावर लिहिलेला होता तसा. पाणी कुठेच जात नव्हतं. कंपनीच वाढली होती आणि पंप जुनेच होते. आणि साहेबांच्या मापाने साहेबांच्याच माणसाला चोर ठरवलं होतं.

ते तसेच मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले, मला बरोबर घेऊन. मॅनेजरसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कुलथे, रिपोर्ट वर गेलाय. आता आपण आपलंच हसं करून घ्यायचं? आणि चूक तुमची कुठे आहे? वाघमारेने आकडा चुकीचा सांगितला. तसं लिहा. म्हणजे चोरी नाही, निष्काळजीपणा. थोडी सौम्य शिक्षा होईल त्याला. तुमचंही नाव राहील."

सुटायला दार उघडं होतं. कुणी नाव ठेवलं नसतं. मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते.

"त्याने मी शिकवलं तसंच सांगितलं," साहेब म्हणाले. "रागावून शिकवलं. आणि मी खड्ड्यात उतरलो नाही."

"मग?"

"मग काही नाही. मी खड्ड्यात उतरलो नाही, असं लिहायचंय."

त्यांनी मला तिथेच, मॅनेजरसाहेबांच्या समोर मजकूर सांगितला. मी टाइप करून आणला तर दोन ठिकाणी 'मोजमापात चूक झाली' असं मी सवयीने लिहिलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं. "'झाली' नको. 'मी केली' असं लिहा."

कागद वर गेला आणि टेबलावर पडून राहिला. चौकशी पुढे ढकलली, पण किसनला कामावर घेईनात. तेव्हा साहेबांनी जे केलं ते त्यांच्यासारख्या माणसाला किती जड गेलं असेल! शिफ्ट सुटायच्या वेळी, सगळे कामगार गेटकडे निघालेले असताना, ते मशीन घेऊन टाकीच्या खड्ड्यात उतरले. रोजचा पांढरा शर्ट, पायात काही नाही. टेप स्वतः वेढला, आकडा मोठ्याने ओरडून सांगितला, कान स्वतः बांधले. काठावर ही गर्दी. काटा येऊन ठाम थांबला. पहिल्या दिवशीच्या पंपहाउसच्या आकड्यापाशी.

"वाघमारेने पाणी घेतलेलं नाही," साहेब खड्ड्यातून म्हणाले. "माझं माप चुकलं होतं."

गर्दीत कुणीतरी म्हणालं, "वजा दहा!" आणि हशा पिकला. इतकी वर्षं पाठीमागे म्हटलेलं त्या दिवशी तोंडावर म्हटलं गेलं. साहेबांनी वर पाहिलं आणि मान हलवली, जणू तेही बरोबरच होतं. मला रडू आलं, हे कबूल करायला लाज कसली?

युनियनने मग प्रकरण उचललं आणि किसनला कामावर घ्यावंच लागलं. पण व्हॉल्व्हवर नाही. त्याला यार्डात माल चढवायला टाकलं आणि पत्र्याची खोली गेली ती गेलीच. तो वस्तीत राहायला गेला. वस्तीचा नळ कंपनीने पुन्हा दिला नाही. झाकण ठोकलेलं तसंच राहिलं आणि बाया दूरच्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या. साहेबांची बदली स्टोअरमध्ये झाली. तिथे त्यांना मोजायला काही नव्हतं. मी त्यांच्या खिशाकडे बघायची. टेप नव्हता. खिसा सरळ असायचा.

किसन यार्डातून येता-जाता मला भेटायचा. एकदा मी विचारलं, साहेबांशी बोलता का? तो म्हणाला, "बोलतो की. पर ताई, आता त्यांनी काही सांगितलं तर आधी जिवाला वाटतं, खरं असंल का?" यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

साहेबांनी पुढे मुदतीआधीच नोकरी सोडली. निरोपसमारंभ झाला नाही. त्यांनीच नको म्हटलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. रविवार होता. मैत्रिणीकडे निघाले होते आणि बस बंद पडली म्हणून आम्ही सगळे उतरून चालत निघालो. वाट वस्तीवरून जात होती. वस्तीत रस्त्यापासून आत एक चर खणलेला, काठावर पाइपाचे तुकडे रचलेले. सरकारी लाइनवरून वस्तीला नळ मिळाला होता, पण आतली लाइन वस्तीने स्वतः टाकायची होती. मंजुरीसाठी कागद घेऊन हेलपाटे कुणी घातले, ते मला तिथल्या बायांनी सांगितलं. "ते उंच साहेब हायत ना, त्यांनी."

साहेब चरात होते. पोटऱ्यांपर्यंत चिखल. पांढऱ्या शर्टाचा खिसा पुन्हा खाली लोंबलेला. त्यांनी टेपाचं टोक धरलं होतं आणि डबी घेऊन किसन दुसऱ्या टोकाला गेला होता. म्हणजे या वेळी टोक साहेबांकडे होतं आणि आकडा किसनकडे. किसनने वाकून आकडा पाहिला. पण सांगितला नाही. डबी तिथेच दगडाखाली दाबून तो चराच्या काठाकाठाने साहेबांपर्यंत चालत आला, उकिडवा बसला आणि त्यांचा अंगठा कोणत्या खुणेवर आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला वाकला.

मी हाक मारणार होते. नाही मारली.

साहेबांनी अंगठा थोडा बाजूला घेतला, त्याला नीट दिसावं म्हणून, आणि त्याचं बघून होईपर्यंत टेप न हलवता तसेच वाकून उभे राहिले.